दीडशे मिलिमीटर उंचीचा प्रश्न

पदपथ म्हणजे रस्त्याच्या कडेने, रस्त्याहून थोडा उंच बांधलेला आणि केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला पट्टा, अशी व्याख्या स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत आढळते. यवतमाळ जिल्ह्यातील नगरांचे निरीक्षण करणाऱ्यास या व्याख्येतील ‘कडेने’ आणि ‘उंच’ या शब्दांविषयी शंका घ्यायला जागा सापडत नाही. ‘केवळ’ या शब्दापाशी मात्र तो थबकतो. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, दिग्रस, उमरखेड किंवा पांढरकवडा यांपैकी कोणत्याही गावच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळी पाहिले असता पदपथावर दुचाक्या विसावलेल्या असतात, त्यांच्या मागे दुकानातून बाहेर आलेल्या प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड असते, शेजारी पानठेला आणि त्याला टेकून चाललेले चर्चासत्र असते, आणि या सर्वांना वळसा घालून, हातातली भाजीची पिशवी सांभाळत, पादचारी डांबरी रस्त्यावरून चाललेला असतो. ज्याच्यासाठी पदपथ बांधला तो एक वगळता इतर सर्वांना त्याचा उपयोग होत असल्याने, हे बांधकाम निरुपयोगी ठरले असा आक्षेप कोणत्याही लेखापरीक्षकाला घेता येणार नाही.

यावर पहिला तर्क असा संभवतो की पदपथ कसा असावा हे या देशात कोणी ठरवलेलेच नसावे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटारी वाढू लागल्या तेव्हा रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमण्यात आली आणि बॅ. मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ते तिचे अध्यक्ष होते. या समितीच्या शिफारशींतूनच डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था जन्माला आली. ही काँग्रेस निवडणुका लढवत नाही, केवळ संहिता प्रसिद्ध करते, आणि तिच्या संहितांचा पराभव मतदानात नव्हे तर अंमलबजावणीत होतो. पादचाऱ्यांच्या सोयींविषयीची तिची संहिता क्रमांक १०३ ही १९८८ साली निघाली आणि पुढे २०१२ व २०२२ साली सुधारली गेली. पदपथाच्या काठाला उभे केले जाणारे काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना बांधकामावर सर्वजण ‘कर्ब’ म्हणतात, त्यांच्यासाठी १९८४ सालचे भारतीय मानक ५७५८ आहे, आणि पायाखालच्या गट्टूंसाठी भारतीय मानक १५६५८ आहे. तात्पर्य, पादचाऱ्याचे पाऊल जेथे जेथे पडू शकते तेथे तेथे एकेक मानक आधीच पडून आहे.

संहिता क्रमांक १०३ पदपथाची रुंदी तीन पट्ट्यांत विभागते. दुकानांच्या वा घरांच्या दर्शनी भागालगतचा पहिला पट्टा रेंगाळणाऱ्यांसाठी, मधला निव्वळ चालण्यासाठी आणि रस्त्याकडचा तिसरा झाडे, दिव्यांचे खांब, बाकडी यांसाठी अशी ही योजना असून मधला पट्टा किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंचीपर्यंत पूर्णपणे मोकळा असला पाहिजे. तालुक्याच्या गावांनी ही त्रिविध विभागणी मनापासून स्वीकारली आहे, असे म्हणणे भाग आहे. पहिल्या पट्ट्यात दुकानाचा माल असतो, तिसऱ्यात दुचाक्या असतात आणि मधल्या पट्ट्यात घासाघीस चालते. डोक्यावरच्या २.२ मीटरांत ताडपत्रीची दोरी, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक आणि त्या फलकाची आडवी बल्ली अशा तीन गोष्टी वेगवेगळ्या उंचीवर बांधलेल्या असल्याने सरासरी उंचीच्या पुरुषाला तेथून मान खाली घालून जावे लागते.

उंचीचा नियम अधिक उद्बोधक आहे. पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरांहून, म्हणजे साधारण अर्ध्या फुटाहून, अधिक उंच नसावा असे संहिता सांगते. हा आकडा माणसाच्या गुडघ्याशी सल्लामसलत करून आलेला दिसतो, कारण जिन्याची सोयीची पायरी याच उंचीच्या आसपास असते. चाकाच्या खुर्चीसाठी वा लहान मुलाच्या गाडीसाठी जेथे उतार द्यायचा तेथे तो एकास बारा असावा, अर्थात १ एकक चढण्यासाठी १२ एकके लांबी द्यावी, असाही नियम आहे. हे दोन नियम एकत्र मांडले असता १५० मिलिमीटर चढण्यास १.८ मीटर लांबीचा उतार लागतो, आणि १.८ मीटर ही तर चालण्याच्या पट्ट्याची किमान रुंदी. म्हणजे उतार आडवा घातला तर तो अख्खा पट्टा गिळतो. संहितेत यावर तोडगेही दिलेले आहेत. परंतु ज्या व्यापाऱ्याला दुकान बंद करताना स्वतःची दुचाकी आत घ्यायची असते त्याचा तोडगा अधिक संक्षिप्त असतो : अर्धे पोते सिमेंट, दोन घमेली रेती आणि एकास दोनचा उतार. असा उतार प्रत्येक दुकानासमोर स्वतंत्र काढलेला असल्यामुळे पदपथाला जत्रेतल्या मौतच्या कुव्याचा बाक येतो, आणि त्यावरून सरळ चालायचे तर एक पाय दुसऱ्याहून लांब असणे सोयीचे पडते.

तथापि १५० मिलिमीटरचा नियम मोडण्याचे मुख्य कारण व्यापारी नव्हे, तर नाली हे आहे. विदर्भातील लहान शहरांत पदपथ पुष्कळदा पदपथ म्हणून जन्मतच नाही. सांडपाण्याची नाली बांधली जाते, तिच्यावर लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या लाद्या टाकल्या जातात, आणि या लाद्यांची रांग पुरेशी लांब झाली की तिला पदपथ असे संबोधन प्राप्त होते. नालीची उंची पाण्याच्या उतारावरून ठरते, पाण्याला माणसाच्या गुडघ्याशी देणेघेणे नसते, आणि त्यामुळे रस्ता व पदपथ यांतील अंतर कुठे बोटभर तर कुठे ४५० मिलिमीटर होऊन बसते. शास्त्रोक्त पद्धतीने ४५० मिलिमीटरला एकास बारा उतार द्यायचा म्हटले तर ५.४ मीटर लांबी लागेल. दुपदरी रस्ता ७ मीटर रुंद धरला तर हा उतार रस्त्याची मध्यरेषा ओलांडून समोरून येणाऱ्या एसटीच्या मार्गात संपेल. म्हणून उतार देण्याऐवजी तेथे एक दगड ठेवला जातो. हा दगड कोणी ठेवला हे कोणत्याही दप्तरात नमूद नसते, पण संपूर्ण बांधकामात माणसाच्या पायाचा विचार करून बसवलेली तेवढी एकच वस्तू असते. नाली उपसण्यासाठी एखादी लादी वर्षातून एकदा उचलावी लागते, ती परत बसवताना किंचित तिरकी बसते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत परिसरातील रहिवासी अंधारातही तिला बिनचूक ओलांडायला शिकतात. पाहुण्यांना मात्र ही लादी आधी सांगावी लागते.

कर्बचे शास्त्रात तीन प्रकार मानले जातात : ज्यावर वाहन चढूच शकत नाही तो अडथळा कर्ब, प्रसंगी नेटाने चढवता येते तो अर्ध-अडथळा कर्ब आणि सहज चढते तो चढाऊ कर्ब. हे वर्गीकरण मोटारीच्या चाकाला केंद्रस्थानी ठेवून केलेले आहे आणि त्यात मोटारसायकलवर बसलेल्या विशीतील तरुणाचा विचार झालेला नाही, हा त्यातील दोष म्हणावा लागेल. त्याच्या लेखी तिन्ही प्रकार तिसऱ्याच प्रकारात मोडतात. कर्बला काळे-पांढरे वा काळे-पिवळे पट्टे रंगवण्याची पद्धत रात्री वाहनचालकाला कड दिसावी म्हणून आहे. तथापि पट्ट्यांचा ताजेपणा आणि मान्यवरांचे दौरे यांतील परस्परसंबंध इतका घट्ट आहे की भावी इतिहासकाराला रंगाच्या थरांवरून मंत्र्यांचे दौरे मोजता यावेत. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही नेमके यावरच बोट ठेवले होते : अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी एका दिवसापुरते रस्ते आणि पदपथ मोकळे होऊ शकतात, तर सर्वसामान्यांसाठी ते का होऊ नयेत?

काँक्रीटच्या बाबतीत या जिल्ह्याला सबब सांगण्याची सोय नाही. वणी परिसरात चुनखडी आहे, कोळसा आहे, राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, आणि झरी जामणी तालुक्यात मुकुटबनला २०२२ पासून मोठा सिमेंट कारखाना चालू आहे. काळ्या पाषाणाची गिट्टी तर सर्वत्र आहे. काँक्रीटची प्रत ‘एम-२०’, ‘एम-३०’ अशी सांगतात. त्यातील आकडा म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा घन ओतून २८ दिवसांनी यंत्रात दाबला असता त्याने प्रत्येक चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन भार सोसला पाहिजे हे दर्शवणारी संख्या. हे घन प्रयोगशाळेत जातात, पदपथ जागेवर राहतो, आणि या दोघांची पुन्हा कधी भेट होत नाही. प्रयोगशाळेतील घनाला २८ दिवस पाण्यात बुडवून ठेवलेले असते. पदपथाच्या नशिबी काय असते, हे समजण्यासाठी दोन दिनदर्शिका शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

पहिली दिनदर्शिका आर्थिक वर्षाची. ती ३१ मार्चला संपत असल्याने निधी खर्ची घालण्याची निकड फेब्रुवारीत जागी होते, आणि ओतकाम मार्च ते मे या काळात रंगात येते. दुसरी दिनदर्शिका सूर्याची. तिच्यानुसार नेमक्या याच काळात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीकडे निघालेला असतो. काँक्रीट वाळल्याने घट्ट होते हा सार्वत्रिक गैरसमज आहे. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक संयोगाने ते घट्ट होते, आणि हा संयोग पूर्ण होईपर्यंत ते ओले ठेवावे लागते, ज्याला बांधकामावर ‘पाणी मारणे’ म्हणतात. भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारण्यास सांगते. ज्या यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे दोन्ही जलाशय आटताना पाहिले, तेथील रहिवाशासमोर नळाला पाणी नसताना पदपथाला १० दिवस पाणी पाजा असे म्हणण्याचे धैर्य कोणत्या अभियंत्याला होईल? म्हणून पहिल्या दिवशी गोणपाट अंथरून त्यावर एक टँकर ओतला जातो, त्याचे छायाचित्र काढले जाते, आणि दुसऱ्या दिवशी गोणपाटाला अधिक गरजू मालक मिळतो. काँक्रीटच्या पृष्ठभागाची पावडर पुढे दोन पावसाळे वाहून जात असते, आणि वर्षभरानंतर उघड्या पडलेल्या गिट्टीमुळे पदपथ घसरडा राहत नाही, ही त्यातील जमेची बाजू होय.

काळी माती हा या कथेतील खलनायक नव्हे, पण गैरसमज झालेले पात्र आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. याच गुणामुळे ती ओल धरते आणि याच गुणावर जिल्ह्याचा कापूस उभा राहिला. कापसाला जो गुण मानवतो तो पदपथाला मानवत नाही. काळी माती पुरेशी खोदून काढून त्या जागी मुरमाचा थर ठोकून बसवला नाही, तर उन्हाळ्यात पदपथाखाली पोकळी होते आणि पावसाळ्यात टेकडी. खोदाई जमिनीखाली असल्याने ती किती झाली हे नंतर फक्त पदपथालाच कळते.

या हालचालीवर उपाय म्हणून गट्टू आले. अधिकृत भाषेत ज्यांना पेव्हर ब्लॉक म्हणतात आणि यवतमाळ-नागपूरकडे ज्यांना गट्टू याच नावाने ओळखतात, त्या काँक्रीटच्या लहान ठोकळ्यांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांचा तुटवडा पडल्यामुळे झाला. मऊ, खचणाऱ्या भूमीवर हे ठोकळे सोयीचे पडले, कारण ते सिमेंटने जोडलेले नसतात. सुमारे इंचभर जाडीच्या रेतीच्या थरावर ते मांडतात, मधल्या २ ते ४ मिलिमीटरच्या फटींत बारीक रेती झाडून भरतात, यंत्राने दाबतात, आणि मग एकावर पडलेला भार घर्षणाने शेजाऱ्यांत वाटला जातो. केवळ पायी वर्दळीसाठी ५० मिलिमीटर जाडीचा एम-३० प्रतीचा गट्टू आणि हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटरचा एम-३५ प्रतीचा गट्टू असे मानक सांगते. या सहकारी व्यवस्थेला कडेचा कर्ब घट्ट धरून ठेवतो. तो एका ठिकाणी ढिला झाला की रेती निसटते, रेती निसटली की पहिला गट्टू डोलू लागतो, आणि विदर्भातील इतर काही सहकारी संस्थांप्रमाणे मग एकामागून एक सर्वच सभासद डोलू लागतात. पहिल्या पावसानंतर अशा गट्टूवर पाय पडताच त्याखालचे पाणी पिचकारीसारखे उसळून नेमके पांढऱ्या पायजम्याचा वेध घेते. रंगीत कपड्यांवर ते क्वचितच उडते, हे निरीक्षण कोणीही पडताळून पाहावे.

गट्टूचा सर्वात मोठा गुण असा सांगतात की नळाची वाहिनी वा तार टाकण्यासाठी ते अलगद काढता येतात आणि काम झाल्यावर पुन्हा बसवता येतात. या गुणाच्या पूर्वार्धाचा लाभ सर्व खात्यांनी घेतला आहे. उत्तरार्धाच्या प्रतीक्षेत असलेले गट्टू कडेला रचून ठेवलेले असतात, त्यांवर निवृत्त मंडळी बसतात, आणि संहितेने तिसऱ्या पट्ट्यात सुचवलेल्या बाकड्यांची उणीव अशा रीतीने भरून निघते. नवरात्रात त्यांना आणखी एक उपयोग लाभतो. कोलकात्यानंतर आपलाच, असे यवतमाळकर ज्या दुर्गोत्सवाविषयी अभिमानाने सांगतात, त्याचे मंडप उभे राहू लागले की खांबांसाठी गट्टू निघतात आणि त्याच गट्टूंची पाचर खांबांना मारली जाते. देवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी त्या नऊ दिवसांत रस्त्याच्या मधोमध निर्धास्त चालते, कारण वाहनेच बंद असतात. पादचाऱ्याला जिल्ह्यात निर्विवाद अग्रहक्क मिळण्याचा काळ तो हाच.

दृष्टिहीनांसाठी बसवल्या जाणाऱ्या पिवळ्या उठावाच्या फरश्यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही. जपानमधील सेइइची मियाके यांनी १९६५ साली त्या तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळ त्या प्रथम बसवण्यात आल्या. त्यांची लिपी सोपी आहे : लांबट उंचवटे म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. महाराष्ट्रातील शहरांत ही लिपी सौंदर्यीकरणाच्या मथळ्याखाली पोहोचल्याने पिवळी रेघ अनेकदा वाचकाला सरळ विजेच्या खांबापर्यंत किंवा रोहित्रापर्यंत, ज्याला गावात सर्वजण डीपी म्हणतात, नेऊन सोडते, आणि ठिपके खांबाच्या पलीकडे सुरू होतात. येथे विनोद थांबतो. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांपैकी जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती.

फेरीवाल्यांना या सर्वांचे मूळ मानण्याची सवय सुखवस्तू वर्गात आढळते. ती न्याय्य नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट केला, त्याच वेळी पदपथ चालण्यासाठीच आहेत हेही सांगितले, आणि २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती व विक्रीची क्षेत्रे यांची तरतूद केली. आलुबोंड्याची गाडी सायंकाळी आपली चाके घेऊन घरी जाते. दुकानाचा पुढे सरकलेला ओटा मात्र कुठेही जात नाही, त्याला वीजजोडणीही असते, आणि तरी अतिक्रमण हा शब्द उच्चारला की सर्वांची नजर गाडीकडे वळते.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने, कोइमतूरच्या एका अस्थिशल्यविशारदांनी रस्तासुरक्षेसाठी केलेल्या याचिकेत, विनाअडथळा आणि अपंगांनाही वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्क असल्याचे स्पष्ट केले. हाडे जोडणाऱ्या वैद्याने पदपथांचा प्रश्न न्यायालयात न्यावा, यात आश्चर्य नाही. त्याचे परिणाम त्याच्याच दवाखान्यात येत असतात. म्हणजे आता संहिता आहे, मानके आहेत, महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे, जिल्ह्यात सिमेंट आहे आणि मूलभूत हक्कही आहे. तरी चालता येत नाही, याचे कारण या कशातही नसून मोजमाप पुस्तिकेत आहे.

मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाच्या लांबी-रुंदी-जाडीची नोंदवही. तिच्यावरून कंत्राटदाराचे देयक निघते. तिच्यात कर्ब धावत्या मीटरने लिहिले जातात, गट्टू चौरस मीटरने, काँक्रीट आणि खोदाई घनमीटरने. प्रत्येक बाबीचे वर्णन सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून येते आणि ते ‘पुरवणे व बसवणे’ या शब्दांनी सुरू होऊन ‘सर्व लीड-लिफ्टसह’ संपते, ज्यातील लीड म्हणजे माल आडवा वाहून नेण्याचे अंतर आणि लिफ्ट म्हणजे तो उचलण्याची उंची. मधल्या मजकुरात पूर्णविराम नसतो. यवतमाळने १९७३ साली ग. दि. माडगूळकर आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली दोन साहित्य संमेलने भरवली आहेत. तिसरे भरेल तेव्हा अंदाजपत्रक या वाङ्मयप्रकारावर एक परिसंवाद अवश्य ठेवावा. या दरसूचीत सगळे आहे, फक्त सलगता ही बाब नाही. २० मीटर पदपथ, मग ४ मीटर डीपी, मग ३० मीटर पदपथ, मग एक वड, असे काम पूर्ण ५० मीटर मोजले जाते आणि ५० मीटरांचे पैसे बिनचूक अदा होतात. पादचाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते शून्य मीटर असते, कारण ज्याला दोनदा रस्त्यावर उतरावे लागते तो शहाणा माणूस मुळात वर चढतच नाही.

म्हणून दरसूचीत एक नवी बाब घालावी. तिचे वर्णन असे असावे : बसस्थानकापासून मुख्य चौकापर्यंत, काठी टेकत चालणाऱ्या सत्तर वर्षांच्या व्यक्तीस एकदाही रस्त्यावर न उतरता जाता येईल असा पदपथ पुरवणे, बसवणे व तसाच ठेवणे, सर्व लीड-लिफ्टसह; मोजमापाचे एकक, पोहोचलेला माणूस. ती येईपर्यंत हाती असलेल्या एका तरतुदीचा उपयोग वाचकांनी करावा. प्रत्येक कामाला दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे ठरावीक मुदतीत निघालेली खराबी कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची असते. आपल्या घरासमोरच्या पदपथाची ही मुदत नगरपरिषदेत अर्ज करून विचारावी, तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवावी, आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कोणता गट्टू हलतो ते लेखी कळवून अर्जाची पोच घ्यावी.